बॉनेटच्या दोन्ही बाजूंना

हेरिंग बेट
१७ जानेवारी १९७७

प्रिय सायमा,

भावाचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण बेटावरचा एकुलता एक फोन दुकानात, आणि दुकानदारीण नुसतं ऐकत नाही, मध्येच सल्लाही देते. तिच्या कानावर न गेलेलं बरं म्हणून लिहितोय.

सरोवर यंदा छान गोठलंय. नाताळ संपल्यावर घरोघरची झाडं नेऊन वाट दाखवायला बर्फात रोवली, बेटापासून तुमच्या धक्क्यापर्यंत सरळ रांग झाली. बाबांचा खोकला उतरलाय. जाळी विणतात, रेडिओवर खेकसतात, मी केलेल्या कॉफीला नावं ठेवतात. म्हणजे तब्येत उत्तम.

आता काम. बाबांच्या स्नोमोबाईलवरचे नोंदणीचे स्टिकर खराब झालेत. तू त्या नोंदणीच्या खिडकीतच बसतेस, तर त्याच नंबरची दुसरी जोडी काढून टपालवाल्याबरोबर पाठव ना. आणि ते नक्की कुठे लावायचे तेही लिही. एकाच बाजूला की दोन्ही? काचेजवळ की बॉनेटच्या पुढच्या भागावर? किती उंचीवर? बाबांना विचारायची सोय नाही, माझ्या गाडीला हात लावू नकोस म्हणून अंगावर येतील. त्यांच्यापाशी हा विषय काढूही नकोस.

जरा लवकर पाठव. बर्फावर बिनस्टिकरची गाडी दिसली की हल्ली फार चौकशा करतात.

तुझा,
तौनो

❖

कॉपर बे
२० जानेवारी १९७७

प्रिय तौनो,

तुझ्या पत्राला मी दोनदा हसले. तीन वर्षं ती गाडी तुमच्या छपरात उभी आहे, रोज तिच्यावर बसून मासे आणायला जातोस, आणि स्टिकर कुठे असतात ते बहिणीला पत्र लिहून विचारतोस! डोळे उघडे ठेवून चालवतोस ना?

ऐक. दोन्ही बाजूंना, डावीकडे एक, उजवीकडे एक. बॉनेटच्या पुढच्या अर्ध्या भागावर, वरच्या बाजूला, सरळ, आकडे बाजूने जाणाऱ्याला वाचता येतील असे. काचेवर लावायचे नाहीत. आणि थंडीत बाहेर उभा राहून लावू नकोस, दुसऱ्या दिवशी गळून पडतील. बॉनेट काढून घरात आण, ऊब लागू दे, पुसून कोरडं कर, मग लाव. खरं म्हणजे हे सगळं सांगायची गरजच नाही. जुने जिथे होते तिथे खूण असेलच, त्यावरच चिकटव की झालं. जोडी सोबत पाठवतेय. बरोबर वेलदोड्याचा गोड पाव आहे, तो बाबांचा. तू वास घे.

पण मला तुझा रागही आलाय. कॉफी लिहिलीस, खोकला लिहिलास, आणि ओरिन डुफोबद्दल एक अक्षर नाही? शेजारच्या घरातला माणूस बर्फावर चिरडून पडतो, मध्यरात्र उलटेपर्यंत कोणाला सापडत नाही, त्याला विमानानं इथल्या इस्पितळात आणतात, आणि तू म्हणतोस सगळं ठीक आहे? मी रोज कामावरून सुटले की तिथे जाते. तो अजून शुद्धीवर नाही. व्हर्ना नवऱ्याच्या उशाशी बसलेली असते, बळेच दोन घास खायला लावावे लागतात. डॉक्टर पायाबद्दल काही बोलत नाहीत, त्यातच सगळं आलं.

ज्यानं उडवलं तो थांबलासुद्धा नाही. त्या जागी पिवळ्या बॉनेटचा एक तुकडा मिळालाय, त्यावर स्टिकरचा कोपरा आहे, नंबर नाही. काल शेरीफचा माणूस माझ्या खिडकीशी आला होता. गेल्या काही दिवसांत नवे स्टिकर कोणी नेले, विचारत होता. तुमच्याकडचा लेस्टर ट्रेप शुक्रवारी घेऊन गेला होता, म्हणाला वाऱ्यानं उडाले. मी त्याचं नाव सांगितलं. तुझी चिठ्ठी टेबलावर पडली होती, पण घरच्या कामाचं काय सांगायचं, म्हणून बोलले नाही.

ओरिनचं काही कळलं तर लिही.

सायमा

❖

हेरिंग बेट
२४ जानेवारी १९७७

प्रिय सायमा,

जोडी मिळाली. तू म्हणालीस तसंच केलं. सॉनाची अंघोळीची खोली तापवून बॉनेट आत ठेवलं होतं. रंग वाळायला मात्र फार वेळ लागला, स्टिकर आजच लावले. दोन्ही बाजूंना, सरळ, पुढच्या अर्ध्या भागावर. आता गाडी अगदी पूर्वीसारखी दिसते.

ओरिनबद्दल लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते सुचलं नाही. तुला तिकडे आधीच कळणार हे ठाऊक होतं.

परवा लेस्टरला घेऊन गेले. गाडीही जप्त केली. त्याची गाडी पिवळी, पुढून फुटलेली, स्टिकर कोरे करकरीत. तो म्हणतो धक्क्याच्या खांबाला आपटली, आणि त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आता खरं सांगायचं तर तो पितो, आणि पिऊन चालवतो, हे कोणाला माहीत नाही? आज नाही तर उद्या त्याच्या हातून काहीतरी झालंच असतं. त्याची बायको पर्ल दुकानात आली की बायका बोलायच्या थांबतात.

मला एक सांग. तो शेरीफचा माणूस परत आला होता का? खिडकीतलं नोंदीचं पुस्तक त्यानं स्वतः पाहिलं, की तू तोंडीच सांगितलंस? आपल्या जोडीची नोंद तू केलीस का? सहज विचारतोय.

तौनो

❖

कॉपर बे
२७ जानेवारी १९७७

तौनो,

तुझं पत्र मी इस्पितळाच्या जिन्यात उभी राहून दोनदा वाचलं.

आपली गाडी मुळातच पिवळी, तिला रंग कशाला लागतो?

मी तुला लिहिलं होतं, जुन्या खुणेवर चिकटव. खूण असती तर तू कुठे लावू म्हणून विचारलंच नसतंस. तुझ्या छपरात दुसरंच कोणतं तरी बॉनेट आहे. परसात एरिकमामाची ती बंद पडलेली निळी गाडी होती, तिचंच ना? मग आपलं कुठे गेलं?

सहज विचारतोय म्हणे! लहानपणापासून तू काही लपवलंस की असंच सहज विचारतोस.

ओरिन शुद्धीवर आलाय. डावा पाय गुडघ्याखाली कापला. तो कमी बोलतो. त्या दिवशी वाऱ्यानं रांगेतलं एक झाड आडवं झालं होतं, तिथे रोवायला तो दुसरं झाड खांद्यावर घेऊन चालला होता. संध्याकाळ झाली होती, बर्फ उडत होतं. दिवा दिसला, त्यानं हाक मारली, आणि गाडी अंगावर आली. अधिकाऱ्याला त्यानं सांगितलं की लेस्टर नव्हता. कशावरून, विचारलं तर भिंतीकडे तोंड फिरवलं. अधिकारी म्हणतो, औषधाच्या गुंगीत आहे, शिवाय लेस्टर त्याचा शाळेतला मित्र. दहा तारखेला लेस्टरला न्यायाधीशापुढे उभं करणार आहेत.

मी स्पष्ट विचारते. तू होतास का? हो किंवा नाही, एवढंच लिही. मला झोप नाही.

सायमा

❖

हेरिंग बेट
३१ जानेवारी १९७७

सायमा,

मी नव्हतो. मी असतो तर बरं झालं असतं, असं रोज वाटतं.

बाबा होते.

त्या गुरुवारी ते जाळी बघून परत येत होते. दार उघडलं तेच शिव्या देत. “कोणत्या गाढवानं रांगेबाहेर झाड रोवलंय? ओरिनला सांग, काम झेपत नसेल तर मी अजून जिवंत आहे म्हणावं!” बॉनेटचा पुढचा भाग फुटला होता आणि भेगेत झाडाच्या हिरव्या सुया अडकल्या होत्या. मीही हसलो. म्हटलं, उद्या बघू, आधी जेवा.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओरिनला आणलं तेव्हा मी धक्क्यावर होतो. तो झाड घेऊन गेला होता हे व्हर्ना रडत सांगत होती.  घरी आलो, बाबा उठायच्या आत ते बॉनेट काढलं, तुकडे करून सॉनाच्या भट्टीत घातलं. त्यांना म्हटलं, दुरुस्त करतोय.

तू विचारशील ते थांबले का नाहीत. तू इथेच वाढलीस. वारा सुटला की दोन झाडांच्या मध्ये थांबायचं नाही, पुढचं झाड नजरेत असेपर्यंत चालत राहायचं, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं. झाडाला घासलं, गाडी हेलपाटली, पुढचं झाड दिसत होतं, ते चालत राहिले. त्यांच्या लेखी ते झाडच होतं. अजूनही आहे.

सायमा, चाळीस वर्षं ती रांग त्यांनी रोवली, मग ओरिनकडे सोपवली. त्यांच्या रांगेत कधी माणूस हरवला नाही, हे ते कोणीही कॉफीला आलं की सांगतात. त्यांना कळलं तर ते जगणार नाहीत. लेस्टरवर पुरावा कच्चा आहे, झालेच तर चारदोन महिने. तो तरुण आहे, सुटेल. बाबांचे किती हिवाळे उरलेत?

हे पत्र जाळ. आणि काही बोलू नकोस, तुझ्या पाया पडतो.

तौनो

❖

कॉपर बे
३ फेब्रुवारी १९७७

तौनो,

जाळलं नाही आणि जाळणार नाही.

पर्ल ट्रेप काल माझ्या खिडकीशी आली होती. भांडायला आली असेल म्हणून मी तयारीत होते. ती म्हणाली, “बाई, तुम्ही खरं तेच सांगितलंत, त्यानं स्टिकर नेले होतेच. फक्त तो खांब एकदा कोणीतरी जाऊन बघा, एवढं त्यांना सांगाल का? माझं कोणी ऐकत नाही.” मी हो म्हटलं. तिच्याकडे वर मान करून बघायची माझी हिंमत झाली नाही. लेस्टरचं नाव मी दिलं, आणि आपली जोडी माझ्याच हातांनी पाकिटात घातली. त्यावर गोड पावही पाठवला! नोकरी जाईल, जाऊ दे. तिचं तोंड आठवलं की जेवण जात नाही.

आणि ओरिन. तो मला रोज बाबांचं एकच विचारतो, “कल्ले कसे आहेत? आले नाहीत?” मी सांगते, खोकला आहे. तो हं म्हणतो. 

तू बाबांना वाचवतो आहेस असं तुला वाटतं. मला नाही वाटत. तू त्यांना स्वयंपाकघरात बसवून ठेवलंयस आणि त्यांच्या नावावर दुसरा माणूस कोठडीत घातलायस. त्यांना न विचारता. हे त्यांनी केलं असतं? आपल्या बाबांनी? त्यांचे हिवाळे मोजायचा हक्क तुला कोणी दिला?

त्यांना सांग. तू सांग, कारण तू लपवलंस. मंगळवारपर्यंत ते इथे आले नाहीत, तर बुधवारी सकाळी मी तुझी सगळी पत्रं घेऊन शेरीफकडे जाईन. मी धमकी देत नाही रे. मला दुसरं काही सुचत नाही.

सायमा

❖

हेरिंग बेट
८ फेब्रुवारी, सकाळ

सायमा,

सांगितलं. हे पत्र त्यांच्याच कोटाच्या खिशात घालतोय.

चार दिवस धीर होत नव्हता. आज कॉफी ओतता ओतता बोललो. ते जाळं विणत होते. मला वाटलं होतं छातीत कळ येईल, पडतील. काही झालं नाही. सुई हातात तशीच राहिली.  मग विचारलं, “किती वेळ पडला होता तो?” मी सांगितलं, मध्यरात्र उलटल्यावर सापडला. “आणि मी काय करत होतो?” मी म्हटलं, बाबा, जाऊ दे. “मी काय करत होतो, तौनो?”

मी सांगितलं. जेवलात, सॉना घेतला, झोपलात.

मग ते माझ्यावर उलटले. तुला एक गोष्ट मी लिहिली नव्हती. मागच्या आठवड्यात दुकानात सगळ्यांसमोर बाबा पर्लला म्हणाले होते, “तुझ्या नवऱ्यानं माणसाला मेलेल्या कुत्र्यासारखा टाकला. माझ्या वेळी असल्याला या बेटावर राहू दिलं नसतं.” ती हातातलं पीठ तिथेच ठेवून निघून गेली. मी शेजारी उभा होतो, सायमा. मी त्यांना बोलू दिलं.

आज ते म्हणाले, “झाड समजलो, ते माझे डोळे. पण पर्लला मी बोललो तेव्हा तू माझ्या बाजूला उभा होतास. ते कोणाचे डोळे होते?” 

त्यांनी चर्चचा कोट चढवला आणि थेट पर्लच्या दारात गेले. मी लांबून बघत होतो. तिनं दार उघडलं, ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. दार बंद झालं. ते टोपी हातात घेऊन तिथेच बर्फात उभे. मला वाटलं आता जाऊन ओढून आणावं. मग ती बाहेर आली, कोट घालून, आणि तिच्या भावाची गाडी छपरातून काढली. म्हणाली, “बसा मागे.” एवढंच. ती टाकी भरतेय तोवर हे घाईनं लिहितोय. आपल्या गाडीला ते हात लावत नाहीत. मी येतो म्हटलं तर म्हणाले, “तू येऊ नकोस. तुझ्याकडे बघवत नाही मला.”

ते आधी ओरिनला भेटणार, मग शेरीफला. तू त्यांच्याजवळ राहा. मला यायची परवानगी नाही, पण मी धक्क्यावर उभा राहून ती गाडी पार दिसेनाशी होईपर्यंत बघणार आहे.

तौनो

❖

कॉपर बे
८ फेब्रुवारी, संध्याकाळ

तौनो,

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय. पर्ल उद्या परत जाईल, तिच्याबरोबर देते.

ते पोचले. भुवयांवर बर्फ, ओठ निळे. पर्लनं त्यांचा दंड धरून त्यांना जिना चढवला आणि खोलीच्या दारात सोडून ती मागे उभी राहिली. मी तिला बसायला खुर्ची दिली, ती बसली नाही. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “नंतर.”

बाबा पलंगाशी गेले. गोधडी जिथे एकदम सपाट होते तिथे त्यांची नजर गेली आणि तिथेच राहिली. मग म्हणाले, “ओरिन, मी होतो.”

ओरिन म्हणाला, “माहीत आहे.”

 व्हर्ना उठून उभी राहिली. तिलाही ठाऊक नव्हतं. ओरिन म्हणाला, “तुमच्या गाडीचा आवाज मी ओळखत नाही का, कल्ले? मी नाव घेऊन हाक मारली. कल्ले, कल्ले, दोनदा. आपटल्यावरही मारली. तुम्ही गेलात. इथे पडून मी एवढाच विचार करतोय, की ह्या माणसानं ऐकलं आणि तरी गेला की काय. लेस्टर नव्हता एवढं मी त्यांना सांगितलं. तुमचं नाव माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, ते स्वतः येतील. नाही आले, तर ऐकूनच गेले असं समजायचं.”

बाबांना आपण कधी कोणापुढे खाली मान घालताना पाहिलंय का? नाही. रेडिओ मोठ्यानं लावतात तो सवयीनं, आपल्याला दोनदा बोलावं लागतं ते आपणच पुटपुटतो म्हणून, असंच ते आजवर म्हणत आले, आणि आपणही मान डोलावली. आज त्यांनी टोपी काढली, डाव्या कानावर हात ठेवला आणि म्हणाले, “या कानानं मला काही ऐकू येत नाही, ओरिन. चार हिवाळे झाले. उजवाही निम्मा गेलाय. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला सरोवरावर जाऊ दिलं नसतं.”

 ओरिन रडायला लागला, मोठ्यानं, लहान मुलासारखा. पाय कापल्याचं सांगितलं तेव्हासुद्धा तो रडला नव्हता, व्हर्ना म्हणते.

त्यानं माफ केलं की नाही, मला माहीत नाही. तसं तो काही बोलला नाही, आणि बाबांनी माफी मागितलीही नाही. ते खुर्ची ओढून त्याच्या तोंडाजवळ बसलेत, उजवा कान पुढे करून. ओरिन त्यांना त्या संध्याकाळचं सगळं पहिल्यापासून सांगतोय, आणि एखादा शब्द सुटला की बाबा म्हणतात, “परत सांग.” शेरीफचा माणूस मघापासून दारात उभा आहे. मी त्याला आत सोडायला उठले, तर पर्लनं माझा हात धरला.

ती म्हणाली, “थांबू दे त्याला. आधी यांचं ऐकून होऊ दे.”

सायमा